एक नंबरचा बॉल

गोल्फचा बॉल हरवायला तळं लागतं, काटेरी झुडपं लागतात, निदान पावसाळ्यात माजलेलं गुडघाभर गवत तरी लागतंच, असं मी पंचवीस वर्षं समजत होतो. मग एके दिवशी सकाळी अकराच्या लख्ख उन्हात, कापलेल्या गवतावर, माझ्या पायापासून हातभर अंतरावर दोन बॉल हरवले. कुणी पळवले नाहीत, कावळ्यानं नेले नाहीत. तिथंच पडले होते. मी वाकून उचलू शकलो असतो. आणि पंचांनी त्यांच्याकडं बोट दाखवून सांगितलं, की नियमाप्रमाणे हे दोन्ही बॉल हरवलेले आहेत!  

मी दुकानदार. कोल्हापुरात गोल्फ खेळतात हे ऐकूनच पुष्कळांना आश्चर्य वाटतं, आणि त्यात गोल्फचं दुकान म्हटलं की समोरचा माणूस मी थट्टा करतोय असं समजतो. त्याचं काही चुकत नाही. मी स्वतः आधी शहरातल्या एका खेळाच्या सामानाच्या दुकानात नोकरीला होतो. लंगोट, फुटबॉल, कबड्डीच्या गुडघ्याच्या पट्ट्या, असला रांगडा माल विकणारा माणूस मी. तिथून क्लबच्या आवारातली दहा बाय बाराची खोली चालवायला मिळाली आणि पहिल्याच दिवशी हबकलो. अंड्याएवढा तो बॉल, त्याचं एवढं मोल, आणि गिऱ्हाईक तो घेऊन जातं, पहिल्याच फटक्याला तळ्यात घालवतं आणि वर हसतं! आमचं घराणं गडहिंग्लजकडचं, घरात अर्धं मराठी आणि अर्धं कानडी. त्या दोन्ही भाषांत असल्या माणसाला काय म्हणतात ते दिवाळी अंकात लिहिता येणार नाही. पण हळूहळू सवय झाली. खोलीचं दुकान झालं आणि मी सगळ्यांचा अण्णा झालो. गेल्या वर्षी दुकान सोडलं, तरी अजून हाक येते ती अण्णा अशीच.

बॉल निवडायचा कसा, हे लोक मला सतत विचारत आले. उत्तर ऐकून घेणारे फार थोडे निघाले. खरं तर त्यात अवघड काही नाही. आधी तुमचा हात किती वेगानं फिरतो ते बघायचं. हात सावकाश असेल तर मऊ बॉल घ्यावा, तो कमी जोरातही दबतो आणि उसळून पुढं जातो. हात जोरकस असेल तर कडक. मग वरचं कवच बघायचं. दोन थरांचा, टणक कवचाचा बॉल सरळ जातो, लांब जातो, दगडावर आपटला तरी सहसा चिरत नाही. नवशिक्यानं डोळे मिटून तो घ्यावा. तीन थरांचा, पातळ कवचाचा बॉल फिरकी घेतो. होलभोवतीच्या बारीक गवतावर, म्हणजे ग्रीनवर पडला की तो चार पावलांत थांबतो. पण ज्याला फिरकी देता येते त्यालाच त्याचा उपयोग, बाकीच्यांचा तो आणखी वाकडा पळतो. आणि एकदा जो निवडला तोच ठेवायचा. आज हा आणि उद्या तो असं केलं तर हाताला अंदाज येत नाही.

एवढंच शास्त्र. आता हे कोल्हापुरात सांगून बघा.

एक माजी पैलवान यायचे. दंड माझ्या मांडीएवढा, पण खांदा जुन्या दुखण्यानं आखडलेला, त्यामुळं हात फिरायचा तो बैलगाडीच्या चाकागत. मी त्यांना मऊ बॉल दिला. त्यांनी तो दोन बोटांत धरून माझ्याकडं असं पाहिलं, की मी त्यांना बांगड्याच दिल्या असाव्यात.

"मऊ? अण्णा, मी म्हातारी हाय व्हय? कडक दे, कडक!"

कडक दिला. तो रोज तळ्यात जाऊ लागला. महिनाभरानं माझ्याच्यानं बघवेना, तेव्हा तोच मऊ बॉल पुढं करून मी म्हणालो, "वस्ताद, ह्यो आतनं तापट बॉल हाय. नुसता धक्का लावला तरी पेटतोय." दुसऱ्या दिवशी बॉल तळ्याच्या पलीकडं. वस्तादांनी मला उचलून खांद्यावर घेतलं. मी थक्क झालो. एका शब्दानं माणूस तळं पार करतो! त्याच वेळी मला गर्वही झाला, की गिऱ्हाईक वळवायची किल्ली आपल्याला सापडली. खोटं बोललो तरी भलंच होतं, असा एक वाईट धडा मी त्या दिवशी शिकलो.

आता आकड्याची गोष्ट. गोल्फच्या प्रत्येक बॉलवर कंपनीच्या नावाखाली एक आकडा छापलेला असतो. एक, दोन, तीन किंवा चार. डझनाच्या खोक्यात बहुधा प्रत्येक आकड्याचे तीन-तीन बॉल येतात. त्या आकड्याला गुणवत्तेच्या दृष्टीनं काही म्हणजे काही अर्थ नाही. चौघं मिळून खेळतात, चौघांकडं एकाच कंपनीचा बॉल असू शकतो, तेव्हा कुणाचा कुठला ते ओळखता यावं, एवढ्यासाठीच तो असतो.

पहिला दणका आबासाहेबांनी दिला. आबासाहेब गुळाचे मोठे व्यापारी, क्लबातले सगळ्यांत दिलदार आणि सगळ्यांत मोठ्या आवाजाचे गृहस्थ. त्यांनी खोकं उघडलं, एक बॉल काढला आणि त्यावरचा आकडा पाहून ते ओरडलेच.

"अण्णा, मला दोन नंबरचा माल द्याय लागलाय व्हय?"

मी समजावलं. आकडा नुसता ओळखीचा आहे, माल एकच आहे, एकाच यंत्रातून निघालेला आहे. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आसंल की. मग मला एक नंबरच दे."

जिथं मिसळ एक नंबर असते, पैलवान एक नंबर असतो आणि दोन नंबर म्हटलं की पोलीस आठवतात, तिथं दोनचा बॉल कोण घेणार? चारकडं तर माणसं सुतकातल्यासारखी बघायची. मी आठवडाभर प्रत्येकाला खरं सांगितलं. मग कंटाळलो. खोकी फोडून एकचे बॉल वेगळे काढू लागलो. उरलेले दोन, तीन, चार बेळगावच्या एका दोस्त दुकानदाराला पाठवायचे आणि त्याच्याकडून एकचे मागवायचे, असं सुरू झालं. तो फोनवर म्हणाला, "याक री, का हो अण्णा, तुमच्या कोल्हापुरात एकाच्या फुडं मोजत न्हाईत काय?" आम्ही दोघं पोट धरून हसलो.

त्यानंतर टिळा आला. खंडेनवमीला मी दुकानातल्या मालाची पूजा करायचो. बॉलवर कुंकू टिकेना, म्हणून एका डझनावर लाल मार्करनं बारीक ठिपका दिला, बरोबर आकड्याच्या वर. तो डझन आबासाहेबांनी नेला आणि पुढच्याच आठवड्यात त्यांचा बॉल एका फटक्यात होलमध्ये गेला! दीडशे पावलांवरून! ज्या माणसाला ग्रीनवर पोचायला चार फटके लागायचे त्याचा! मी पळत जाऊन भोकात वाकून पाहिलं, कारण माझा विश्वासच बसेना. आबासाहेबांनी क्लबभर पेढे वाटले आणि प्रत्येक पेढ्याबरोबर सांगितलं, "अण्णाच्या हातचा टिळा हुता."

संपलं. दुसऱ्या दिवसापासून टिळ्याशिवाय बॉल जाईना. डॉक्टर, वकील, कारखानदार, शिकलीसवरलेली माणसं रांगेत उभी राहून म्हणायची, "अण्णा, जरा लावून द्या की." एकाचा मोठा आणि एकाचा लहान झाला तर रुसवे व्हायचे, म्हणून मी अगदी सारखा, गोल, नेमका ठिपका द्यायला शिकलो. टिळ्याच्या बॉलवर आणखी कसली रेघ मारू नये, असा दंडकही आपोआप पडला. खूण करायची कशाला, टिळा आहेच की!

मित्रमंडळींच्या खेळात एकदा-दोनदा बॉल एकमेकांत मिसळले. आबासाहेब म्हणाले, "घे रे कुठलाबी, दोन्ही एक नंबरच की!" सगळे हसले. मीही हसलो. आज ते हसणं आठवलं की मला स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

संगीता आमच्या क्लबच्या माळ्याची मुलगी. वडील लवकर गेले. बागेतल्या शेडमध्ये पडलेली गोल्फची मोडकी काठी घेऊन ती चौदाव्या वर्षी खेळायला लागली आणि बघता बघता क्लबातल्या भल्याभल्यांना मागं टाकू लागली. कोल्हापूरच्या पोरींच्या रिवाजाप्रमाणं "मी आलतो, मी मारलो" असं बोलायची आणि मारायचीही तसंच, बिनधास्त. तिला मात्र मी बॉल अगदी मनापासून निवडून दिला. तिचा हात वेगवान होता, आणि फिरकी तर अशी, की बॉल ग्रीनवर पडून मागं सरकायचा. कडक, तीन थरांचा, पातळ कवचाचा बॉल तिला दिला आणि तो तिनं कधी बदलला नाही.

दोन वर्षांपूर्वी राज्याच्या संघासाठी निवड चाचणी आमच्या मैदानावर झाली. पहिल्या सहा जणी संघात जाणार होत्या. संगीताला त्या संघाचं प्रमाणपत्र हवं होतं, कारण त्याच्या जोरावर तिला खेळाडूंच्या कोट्यातून सरकारी नोकरीचा अर्ज करता येणार होता. वयाची अट त्याच वर्षी संपत होती. पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नव्हती. आई थकलेली, आणि ही तोवर क्लबात नवशिक्यांना धडे देऊन घर चालवत होती.

चाचणीच्या आदल्या दिवशी ती दुकानात आली.

"अण्णा, चार नंबरचा बॉल हाय का हो? समद्याच एक नंबर घेत्यात. म्हटलं, आपला येगळा असावा."

तीन थरांचे चारचे बॉल होते माझ्याकडं. बेळगावला जाणाऱ्या खोक्यात, टेबलाखाली, माझ्या पायाशी. मी वाकायचा अवकाश होता. आणि मी, ज्याला त्या आकड्याचा काडीचाही अर्थ नाही हे पक्कं माहीत होतं, तो मी काय म्हणालो?

"खुळी का काय तू! शुभ कामाला जाताना चार नंबर?"

आजही मला कळत नाही ते शब्द माझ्या तोंडून आले कसे. लोकांची समजूत राखता राखता ती माझीच झाली होती काय? मी एकचे सहा बॉल काढले, सहांवर टिळा लावला, तिनं ते कपाळाला लावले आणि ती गेली. तासाभरानं मयूरा आली. ती इचलकरंजीच्या यंत्रमाग कारखानदारांची सून, चांगली खेळणारी. तिलाही तसलेच तीन थरांचे एकचे बॉल दिले आणि तसाच टिळा लावला.

शेवटच्या दिवशी दोघी एकाच गटात आल्या. मयूरा खूप मागं पडली होती, तिला कशाचीच आशा नव्हती. संगीता सहावी होती. शेवटचा होल, म्हणजे शेवटच्या भोकापर्यंतचा टप्पा, तिनं पाच फटक्यांत पुरा केला तरी निवड पक्की होती आणि तो होल ती रोज चारात करायची. मी दुकानाला कुलूप घालून बघायला गेलो.

त्या होलवर मधे एक उंचवटा आहे. मारणाऱ्याला पलीकडं बॉल कुठं पडतो ते दिसत नाही. दोघींनी नवे बॉल काढले, दोघींनी सुरेख मारले, दोन्ही बॉल उंचवट्यापलीकडं गेले. मी वर चढून गेलो तोवर दोघी तिथं पोचल्या होत्या आणि खाली बघत उभ्या होत्या. उताराच्या तळाशी दोन्ही बॉल एकमेकांना जवळजवळ चिकटून थांबले होते.

पंचांनी विचारलं, "कुणाचा कुठला?"

"पुढचा तिचा असणार," मयूरा म्हणाली. "ती माझ्यापेक्षा लांब मारते."

"असणार, हे चालत नाही. खूण काय केली होती?"

"लाल टिळा," संगीता म्हणाली.

"माझ्यावर पण टिळाच आहे," मयूरा म्हणाली आणि तिचा चेहरा उतरला.

नियमानं परवानगी घेऊन दोघींनी बॉल उचलून फिरवून पाहिले. तीच कंपनी, तोच बॉल, दोन्ही कोरे. एक आणि एक. टिळा आणि टिळा.

"तुम्ही खात्रीनं सांगू शकता का?" पंचांनी संगीताला विचारलं. "दोघींपैकी कुणालाच ओळखता आलं नाही, तर दोन्ही बॉल हरवले असं धरावं लागेल. दंड घेऊन परत मागून मारायचं."

हरवले? हे काय समोर आहेत ते? पण मला मनातून वाटत होतं, की बोल पोरी, नुसतं हो म्हण. मयूरा तर मान डोलावतच होती. कुणी आडवं आलं नसतं, कुणाला कधी कळलं नसतं. संगीतानं बॉल डोळ्यांजवळ नेले, उन्हात धरले. मग तिनं मान वर केली, तर समोर मी.

"अण्णा, टिळा तुमीच लावलाय. ह्यातला माझा कुठला?"

मी चष्मा लावला. दोन्ही बॉल हातात घेतले. पंचवीस वर्षं मी नुसता स्पर्श करून बॉल ओळखत आलो. तळ्यातून काढलेला कुठला, उन्हात तापलेला कुठला, कवच कुणाचं, थर किती, सगळं मला डोळे मिटून कळायचं. आणि माझ्या स्वतःच्या हातचे ते दोन ठिपके मला वेगळे करता येईनात. इतके सारखे! इतके नेमके!

"न्हाई सांगता येत, संगीता," मी म्हणालो.

तिनं बॉल परत घेतले आणि पंचांकडं वळली. "मलाबी न्हाई सांगता येत."

ती मागं गेली आणि पुन्हा मारला. आधीचा एक आणि दंडाचा एक मिळून तो तिसरा फटका धरला गेला. पुढचं ती इतकं छान खेळली की लोकांनी टाळ्या वाजवल्या. पण होल सहा फटक्यांत झाला. एका फटक्यानं ती सातवी आली.

क्लबात बरेच दिवस गरमागरम चर्चा चालली. पंच पुण्याचे, म्हणून त्यांनी नियमावर बोट ठेवलं, असं बहुमतानं ठरलं. काहींनी नशिबाला दोष दिला. मी मार्कर फेकून दिला, बेळगावला खोकी पाठवणं थांबवलं आणि येईल त्या गिऱ्हाइकाला आकड्याचा खरा अर्थ सांगू लागलो. पण तो नुकताच कळल्यासारखा सांगायचो. हेही खोटंच होतं, नाही का?

चार महिन्यांनी मयूरा दुकानात आली आणि बोलता बोलता म्हणाली, "अण्णा, तुमच्यावर संगीताची फार माया आहे हां. परवा कुणीतरी तुम्हाला नावं ठेवत होतं, तर ती भांडलीच. म्हणाली, अण्णांना कुठं ठाऊक हुतं? ठाऊक आसतं तर त्यांनी मला तसला बॉल दिला असता व्हय?"

ती गेल्यावर मला दुकानात बसवेना. मी तसाच उचगावला संगीताच्या घरी गेलो.

ती दारातच तांदूळ निवडत बसली होती. मला बघून उठली, खुर्ची दिली. आत वळून म्हणाली, "आई, अण्णा आल्यात!" आतून आईनं या म्हटलं. मी बसलो आणि काही प्रस्तावना न करता बोलून टाकलं.

"संगीता, मला ठाऊक होतं."

"काय?"

"आकड्याचं. त्याला काही किंमत नसते. तो वेगवेगळा असावा म्हणूनच असतो, बॉल ओळखता यावा म्हणून. लोकांना एकच हवा असायचा, मी देत गेलो."

तिचा हात तांदळात थांबला. "कवापासनं ठाऊक हुतं?"

"पहिल्यापासनं."

"मी चार नंबर मागितलो, तवा?"

"व्हय. टेबलाखालीच होते."

"अन् मी पयल्यांदा बॉल न्यायला आलतो, शाळंतनं? तवापण?"

"तवापण."

ती रडली नाही, ओरडली नाही. मला ओरडणं चाललं असतं, त्याची मी तयारी करून गेलो होतो. ती नुसती माझ्याकडं बघत राहिली, अनोळखी माणूस घरात येऊन बसावा तशी. बारा-तेरा वर्षांत तिनं माझ्याकडं कधी तसं पाहिलं नव्हतं. आतून भांड्यांचा आवाज आला आणि आईनं विचारलं, "अण्णा, साखर घालू नव्हं?"

माझ्यावरची नजर न काढता संगीता म्हणाली, "आई, चहा ठेवू नगं. अण्णा निघाल्यात."

मी उठलो.